पाटीवरचा बर्फ

आमच्या टारेला गावात खोटं बोलायला कोणाची हरकत नसते. फक्त ते लाकडावर रंगवून, वर वार्निश मारून डोंगरावर उभं करू नये, एवढंच नेव्हिल ट्रूस्कॉटचं म्हणणं होतं. नेव्हिल आमच्या पायवाट समितीचा अध्यक्ष. उभा जन्म विमा विकण्यात गेल्यामुळे पोकळ आश्वासन त्याला मैलभरावरून ओळखू येतं.

पायवाट गावामागच्या ग्रॅनाइटच्या डोंगराला वळसा घालत माथ्याकडे जाते. डोंगराचं नाव पाद्र्याचं टक्कल. वाटेवर समितीने जागोजागी माहितीच्या पाट्या लावल्या आहेत. वॉम्बॅट या गुबगुबीत प्राण्याच्या बिळापाशी वॉम्बॅटची माहिती आहे. ती लागल्यापासून वॉम्बॅट दुसरीकडे राहायला गेला. एकीवर एक तोल सांभाळून बसलेल्या दोन शिळांपाशी 'या शिळा हजारो वर्षांत हललेल्या नाहीत' अशी पाटी आहे. ती पाटी दर ऑगस्टात वाऱ्याने पडते. आणि माथ्याच्या जरा अलीकडे, जिथे उघडा खडक संपून निलगिरीची आणि वॉटलची झाडी लागते, तिथे योलीची पाटी होती. हिरव्या फळीवर पांढरी अक्षरं: 'हिवाळ्यात इथे बर्फ पडतो.'

पडत नव्हता. म्हणजे पाटी लागल्यापासून एकदाही पडला नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या क्वीन्सलँडमध्ये बर्फ ही तशीही पाहुण्यासारखी गोष्ट, पण आमच्या शेजारच्या एमरी क्रॉसिंगला तो काही वर्षांनी का होईना, तोंड दाखवून जायचा. ढग आमच्या डोक्यावरूनच जायचे, पण मोकळे व्हायला मात्र पुढे एमरी क्रॉसिंगला थांबायचे. जसं काही आमच्याकडे सोयच नाही.

ब्रिस्बेनहून येणारे लोक भर जानेवारीत, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात, अर्ध्या चड्डीत आणि रबरी सपातांत घाम पुसत त्या पाटीला टेकून फोटो काढायचे. मग कोणीतरी खिळ्याने तिच्याखाली कोरलं, 'कधी?' काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात उत्तर आलं, 'मंगळवारी.' नेव्हिलने ते घासून वर वार्निश मारलं. त्याने अक्षरं जास्तच उठून दिसायला लागली.

योली म्हणजे इओलांडा दाल मोरो. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या कोटाच्या खिशापर्यंत आणि आवाज गावाच्या वेशीपर्यंत. सिसिलीतल्या एका समुद्रकाठच्या लिंबांच्या गावातून ती लग्न होऊनच इथे आली. नवरदेव इथे टारेलात सफरचंदं खुडत होता. तिकडच्या चर्चमध्ये त्याच्या जागी तिचा चुलतभाऊ उभा राहिला आणि बायकांनी वेदीवर नवरदेवाचा फोटो ठेवला. तेव्हाची पद्धतच होती तशी. बोटीतून उतरल्यावर तिने फोटो आणि माणूस शेजारी शेजारी धरून पाहिले. "फोटो उंच होता," असं ती अजून सांगते.

नवऱ्याचं नाव सिल्वियो. तो इटलीच्या दुसऱ्या टोकाचा, पार उत्तरेकडच्या डोंगरांतला. वर्षातले सहा महिने दाराबाहेरचा बर्फ फावड्याने ओढण्यात ज्यांचे जातात, त्यांच्यातला. नव्या नवरीने आल्या आल्या रडायला सुरुवात केली. समुद्र नाही, लिंबं नाहीत, आई नाही आणि खायला उकडलेलं मटण. मग एका जुलैत सिल्वियोने तिला पहाटे उठवलं, अंगावर दोन घोंगड्या टाकल्या आणि हाताला धरून टकलावर नेलं.

पुढचं तिच्याच शब्दांत सांगायला हवं, कारण गेली कित्येक वर्षं त्यातला एकही शब्द बदललेला नाही. "वर आकाश निळंशार. आणि खाली सगळं पांढरं! गवत पांढरं, खडक पांढरा. पायाखाली कुर्र कुर्र वाजत होतं, साखर सांडल्यासारखं. सिल्वियो म्हणाला, बघ, बर्फ पडलाय, खास तुझ्यासाठी. त्या दिवशी मी रडायची थांबले."

"योली, ते दव असेल गं," गावातलं कोणी ना कोणी म्हणायचंच. टारेला खोलगट जागी वसलेलं. हिवाळ्यात रात्रीचं दव पहाटे गोठतं आणि सकाळी सगळं रान मिठात लोळल्यासारखं दिसतं. नळ फुटतात, गाड्या सुरू होत नाहीत. त्याचं कौतुक कोणाला नाही.

त्यावर योलीचा हुकमाचा पत्ता ठरलेला. "सिल्वियो बर्फात जन्मला, बर्फात वाढला. त्याला दव आणि बर्फ यातला फरक कळत नव्हता? तुला कळतो? तू तर फ्रीज उघडून बर्फ बघितलेला माणूस!"

पायवाट झाली तेव्हा एक पाटी माझी, असं तिने सांगून टाकलं, स्वतः फळी रंगवली आणि सिल्वियोने स्वतः स्क्रू पिळले. पुढे सिल्वियो गेला. पाटी राहिली. एमरी क्रॉसिंगला बर्फ पडला की अख्खं गाव गाड्या घेऊन पळायचं. योली मात्र जागची हलायची नाही. "मी माझा बघितलाय," म्हणायची आणि पडदा ओढून घ्यायची.

तर या वर्षी कोणा पाहुण्याने तक्रार केली. जुलैत मुद्दाम सुट्टी काढून आलो, पाटीपाशी दोन दिवस बसलो, बर्फ पडला नाही, फसवणूक झाली. असल्या माणसाचा आमच्या गावात सत्कार करायला हवा होता, पण नेव्हिलने समितीची बैठक बोलावली.

"हे बघ योली, यात वैयक्तिक काही नाही," तो म्हणाला. "पण 'पडतो' म्हणजे पडायला हवा. 'पडू शकेल' लिहिलं असतं तर मी तुझ्या बाजूने उभा राहिलो असतो."

"तू विमा विकताना 'मिळू शकेल' म्हणायचास का?"

"ते बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं."

"मग मीही बारीक अक्षरात लिहिते."

"योली, अख्ख्या गावात त्या डोंगरावर बर्फ पाहिलेला एकही माणूस नाही."

"मी आहे."

सगळ्यांनी बिस्किटांच्या ताटलीकडे पाहिलं. त्या बघण्यातला 'दव' हा शब्द तिला नीट ऐकू आला. पाटी काढून तिथे सरड्याची माहिती लावावी, असा ठराव झाला. माझ्या तोंडात त्या वेळी बिस्किट होतं, म्हणून माझं मत तटस्थ धरलं गेलं.

योली उठली. "ठीक आहे. पण सिल्वियोने पिळलेले स्क्रू आहेत. ते दुसऱ्या कोणी काढायचे नाहीत. मी काढणार." पर्स उचलून दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि सरडासुद्धा हिवाळ्यात तिथे दिसत नाही, नेव्हिल. त्याचं काय करणार आहेस ते लिहून ठेव."

ठरलेल्या शनिवारी सकाळी रेडिओवर सांगितलं की डोंगरी भागात बर्फ पडण्याची शक्यता आहे. झालं. ब्रिस्बेनच्या गाड्यांची रांग एमरी क्रॉसिंगकडे लागली आणि तिच्या मागे आमचं निम्मं गाव लागलं. पायवाटेच्या श्रमदानाला उरलो आम्ही चौघं. नेव्हिल, कारण अध्यक्ष होता. योली, कारण स्क्रू तिचे होते. मी, कारण चहाचा थर्मास माझ्याकडे असतो. आणि डॅरिल कोब, कारण तो डॅरिल होता.

डॅरिल आमच्या गावच्या अग्निशमन पथकाचा कप्तान. मनाने मोठा, अंगाने त्याहून मोठा. लहानपणी योलीच्या मळ्यातली सफरचंदं चोरून तो तेवढा झाला, असं योलीचं म्हणणं. बाराही महिने अर्ध्या चड्डीत असतो. फुलपँट त्याने आयुष्यात दोनदाच घातली, एकदा कोर्टात आणि एकदा लग्नात. दोन्ही वेळा निकाल त्याच्याविरुद्ध लागला.

त्या आठवड्यात डॅरिलच्या जिवाला घोर होता. आगीचा हंगाम यायच्या आधी आम्ही रानातला पालापाचोळा मुद्दाम जाळून घेतो, म्हणजे उन्हाळ्यात भडका उडत नाही. डॅरिलने पलीकडच्या उतारावर नुकतंच तसं जाळून घेतलं होतं. धुमसणारा एखादा ओंडका मागे राहिला असेल का, या विचाराने तो चालता चालता सारखा हवा हुंगत होता.

"काय रे, सर्दी झाली का?" योलीने विचारलं.

"वास घेतोय."

"घे घे. थर्मासमध्ये चहाच आहे, तुझ्या उपयोगाचं काही नाही."

वर जाताना वारा नैऋत्येकडून येत होता आणि तो थेट हाडांशी बोलत होता. ढग एवढे खाली आले होते की पाद्र्याने टोपी घातल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे हिवाळ्याच्या शेवटी वॉटल फुलते. सगळी झाडी पिवळीधमक, आणि त्यावर ते शिशाच्या रंगाचं आभाळ. पाखरं मात्र गप्प होती. खदखदून हसल्यासारखं ओरडणारा कुकाबरा पक्षी कोणाच्या मयताला हसायला कमी करत नाही, पण तोसुद्धा त्या दिवशी गप्प होता. हे आमच्यातल्या कोणाच्याही लक्षात आलं नाही. कारण नेव्हिल सरड्याविषयी बोलत होता.

पाटीपाशी पोचल्यावर योलीने काठी झाडाला टेकवली, पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि बाह्या सरसावल्या.

"मी मदत करू?" डॅरिल म्हणाला.

"तू हवा हुंग."

पहिला स्क्रू गंजलेला होता. तिने त्याच्यावर सगळा जीव लावला. तिच्या दोन्ही हातांच्या शिरा टरारल्या, ओठ आवळले गेले, आणि मला एकदम कुठेतरी दुसरीकडे बघावंसं वाटलं. नेव्हिलही आपल्या बुटांकडे बघत होता. ठराव करणं सोपं असतं. ठराव चालू असताना समोर उभं राहणं तितकं सोपं नसतं. पहिला स्क्रू निघाला. तिने तो रुमालात ठेवला. मग दुसरा निघाला. तिसऱ्यापाशी ती थांबली, दम घेतला, पाटीवर तळहात ठेवला.

"चांगले पिळले होते रे त्याने," ती कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली.

"योली, राहू दे आजच्यापुरतं," नेव्हिल म्हणाला. "पुढच्या शनिवारी—"

"ठराव आजचा आहे."

तिसरा स्क्रूही निघाला. पाटी एका कोपऱ्यावर लोंबकळायला लागली. तेवढ्यात डॅरिलच्या उघड्या गुडघ्यावर आभाळातून काहीतरी पांढरं येऊन बसलं. मग नेव्हिलच्या टोपीवर. मग थर्मासवर. हलकं, वेडंवाकडं, तरंगत येणारं.

डॅरिलचा चेहरा त्या पांढऱ्याहून पांढरा झाला.

"राख!" तो ओरडला.

आता कोणी हसायचं तर हसावं. पण आभाळातून तरंगत येणाऱ्या पांढऱ्या गोष्टीचा आमच्या गावात आजवर एकच अर्थ झालाय. त्या अर्थाने आम्ही घरं सोडून पळालोय, गाद्या भिजवून खिडक्यांना लावल्यात, कोंबड्या गाडीच्या पुढच्या सीटवर आणि सासूला मागच्या सीटवर बसवलंय. नेव्हिलनेही मान वर केली आणि तोही म्हणाला, "राख!" आणि खरं सांगायचं तर मीही तेच म्हणालो.

"वास नाही धुराचा," डॅरिल वॉकीटॉकी शोधत म्हणाला. "म्हणजे लांब आहे आणि मोठी आहे! जोन! जोन, ऐकतेस का? टकलावर राख पडतेय! सगळ्यांना बोलाव! गाडी वर पाठव!"

खाली गावात, पथकाच्या खोलीत बसलेल्या जोनने भोंगा सुरू केला. तो डोंगरावर आपटून दुप्पट होऊन आमच्याकडे परत आला.

"सगळ्यांनी ताबडतोब खाली उतरायचं," नेव्हिल म्हणाला. "एका ओळीत. धावायचं नाही. योली, चल!"

योली हलली नाही. ती तोंड वर करून उभी होती. डोळे मिटलेले, स्क्रू-ड्रायव्हर हातात तसाच. आणि जीभ बाहेर.

"योली! एक स्क्रू राहिला तर राहू दे, जीव वाचव!"

तिने जीभ आत घेतली. डोळे उघडले. "डॅरिल, तोंड उघड."

"आत्ता?"

"उघड म्हणते ना. तुझ्या आईने नाही लावली तुला शिस्त, निदान माझं तरी ऐक."

पथकाच्या कप्तानाने तोंड उघडलं. ते चांगलं प्रशस्त होतं. आत पटापट दोन-तीन पडले. डॅरिलने तोंड मिटलं. आमच्याकडे पाहिलं. पुन्हा उघडलं.

"राख थंड असते का रे?" योलीने विचारलं.

एवढा मोठा माणूस तळहात पुढे करून उभा राहिला आणि तळहातावर एकेक येऊन बसत होतं, क्षणभर थांबत होतं आणि पाणी होत होतं. नेव्हिलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कोटाच्या काळ्या बाहीवर पडलेल्या एका कणाकडे नाक लावून पाहिलं. "याला... याला टोकं आहेत," तो पुटपुटला. "अगदी चित्रातल्यासारखी."

"डॅरिल, बाबा, भोंगा बंद करायला सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?" पण त्याने वॉकीटॉकी उचलला. "जोन, आग नाही. परत सांगतो, आग नाही. बर्फ आहे."

पलीकडून जोन मुलिन्सचा आवाज आला. "डॅरिल, सकाळपासून कितवी बाटली?"

"अगं खरंच बर्फ पडतोय!"

"धूर डोक्यात गेला याच्या," जोन कोणाला तरी म्हणत होती. "ए, ऑक्सिजनचा सिलिंडरपण घ्या रे! डॅरिल, घाबरू नकोस. तिथेच बसून राहा. आम्ही निघालोय."

त्यानंतर जे झालं ते सांगायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. विनोदी लिहायची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी हात बांधल्यासारखे वाटतात. आधी कण कण पडत होतं, मग वारा एकाएकी पडला आणि मोठमोठे पापुद्रे सरळ, शांत, घाई न करता उतरायला लागले. आवाजच नाही. पाऊस पडताना सांगत येतो; हा न सांगता आला. पाद्र्याचं टक्कल, जे आम्ही जन्मभर उन्हात तापताना पाहिलं, ते बघता बघता पांढरं झालं. निलगिरीची पानं जड होऊन वाकली. वॉटलच्या प्रत्येक पिवळ्या झुपक्यावर पांढरी टोपी चढली. पिवळ्यावर पांढरं. दोन लाल पोपट झुडपातून बाहेर आले, एका फांदीवर बसले, आणि फांदीवरचं सगळं खाली ओघळलं तेव्हा अपमान झाल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले. झाडीच्या कडेला एक कांगारू उभा होता. त्याच्या पाठीवर बर्फ साठत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आमच्या समितीइतकंच अज्ञान होतं.

नेव्हिल सरड्याविषयीसुद्धा बोलला नाही.

मग खालून बुटांचे, पाइपांचे, धापांचे आवाज आले. पथक वर येत होतं. पिवळे कोट, हेल्मेटं, पाठीवर पाण्याचे पंप, हातात आग झोडपायच्या झोडण्या. पुढच्या माणसाने वळण घेतलं आणि तो थांबला. मागचा त्याच्यावर आपटला. असे सगळे एकेक करून आपटले आणि एकेक करून गप्प झाले. कोणीतरी हेल्मेट काढून हातात घेतलं, चर्चमध्ये काढतात तसं. सगळ्यात शेवटी जोन आली. आग कितीही मोठी असो, पथकाला उपाशी ठेवायचं नाही हा तिचा नियम, त्यामुळे तिच्या एका हातात सॉसेजांची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाव होता. तिने वर पाहिलं. तोंड उघडं राहिलं.

"जोन," डॅरिल म्हणाला, "धूर जाईल तोंडात."

तिने पाव त्याच्या डोक्यात हाणला. तिथून सगळ्यांना कंठ फुटला. मोठमोठे बाप्ये, ज्यांनी भिंतीएवढ्या ज्वाळांपुढे पाय रोवलेत, ते एकमेकांच्या कॉलरमध्ये बर्फ कोंबत पोरांसारखे किंचाळायला लागले.

या गडबडीत मी योलीला चहा दिला. ती पाटीपाशीच उभी होती. मला वाटलं होतं ती आता बोलेल. कित्येक वर्षांचं साठलेलं बोलेल, नेव्हिलला कोपऱ्यात घेईल, आणि मी ऐकायला उत्सुक होतो. पण ती जमिनीकडे बघत होती. मग तिने पाय उचलून हळूच पुढे टाकला. पुन्हा टाकला.

"वाजत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"पायाखाली. वाजत नाही रे. मऊ आहे." तिने वर पाहिलं. "आणि आभाळ बघ. त्या दिवशी आभाळ निळंशार होतं. झाडांवर काही नव्हतं. फक्त खाली, गवतावर आणि खडकावर. कुर्र कुर्र वाजत होतं."

मी थर्मासचं झाकण घट्ट होतं ते आणखी घट्ट केलं.

"दव होतं ते," योली म्हणाली.

"योली, इतक्या वर्षांनी काय आठवणार—"

"मला सगळं आठवतं. दव होतं." तिने चहाचा घोट घेतला. तिच्या पापण्यांवर बर्फ होता, त्यामुळे बाकी काय होतं ते सांगता येणार नाही. "मी लिंबांच्या गावातली. मला काय कळणार? पण सिल्वियोला फरक कळत होता. चांगला कळत होता." आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. अगदी चहा सांडेपर्यंत हसत होती. "बघ तरी लबाड! महिनाभर माझं रडणं ऐकलं आणि पहाटे उठून दव दाखवलं मला. वर स्वतः पाटीचे स्क्रू पिळले! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही रे मेल्याची. मरेपर्यंत हलली नाही."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? पाटीवर काय लिहिलंय? हिवाळ्यात इथे बर्फ पडतो. पडतोय." तिने रुमाल काढला, डोळे पुसले आणि एकदम तिचा नेहमीचा आवाज परत आला. "नेव्हिल! अरे ए नेव्हिल! इकडे ये. एक स्क्रू राहिलाय. ठराव आजचा आहे. काढू का?"

नेव्हिल आला. त्याच्या टोपीवर बोटभर बर्फ साठला होता आणि त्याने तो झटकला नव्हता. त्याने पाटी वाचली. मग आभाळाकडे पाहिलं. मग पुन्हा पाटी वाचली, तपासून घ्यावी तशी.

"योली," तो म्हणाला, "मी अध्यक्ष या नात्याने..." त्याने लोंबकळणारी पाटी दोन्ही हातांनी उचलून सरळ केली आणि तशीच धरून उभा राहिला. "स्क्रू दे."

योलीने रुमालाकडे पाहिलं. डोळे पुसायच्या नादात स्क्रू खाली सांडले होते आणि आता त्यांच्यावर पांढरी चादर होती. डॅरिलने कुंपणाची तार आणली. आमच्याकडे फाटक, गाडीचा सायलेन्सर, चष्मा आणि लग्न, जे मोडेल ते याच तारेने बांधतात. पाटी बांधली गेली. जराशी तिरकी.

"तुला खरंच दिसला होता तर," नेव्हिल हलकेच म्हणाला. "आम्ही सगळे इतकी वर्षं दव म्हणत होतो. मी माफी मागतो."

योलीने माझ्याकडे पाहिलं. मी पोपटांकडे पाहिलं.

"सिल्वियोने दाखवला मला," ती म्हणाली. "त्याला बर्फातलं फार कळायचं."

दुपारी पथकाच्या लोकांनी अग्निशमनाच्या लाल गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा माणूस केला. त्याला डॅरिलचं हेल्मेट घातलं आणि नाकाच्या जागी जोनचं सॉसेज लावलं. आणि वितळायच्या आत, भोंगा वाजवत, गाडी थेट एमरी क्रॉसिंगच्या मुख्य रस्त्यावरून नेली. तिथे सकाळपासून पावसात छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या हजारभर लोकांना त्यांचा बर्फ कुठे पडला ते बघायला मिळालं. शेजारधर्म म्हणून योली पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना हात करत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि डोंगर पुन्हा नेहमीसारखा टकला झाला.

पंधरवड्याने मी आणि योली वर गेलो. पाटी तारेला होती, तिरकीच. खालचं 'कधी?' जागच्या जागी होतं. पण 'मंगळवारी' या शब्दावर एक रेघ मारलेली होती, पट्टी लावल्याशिवाय येणार नाही इतकी सरळ. आणि तिच्याखाली, विम्याच्या कागदांवर असतं तसल्या नीटस, वळणदार अक्षरात कोरलं होतं: 'शनिवारी.'

समितीच्या पुढच्या बैठकीत या विद्रूपीकरणाचा नेव्हिलने कडक शब्दांत निषेध केला आणि चौकशीचं काम स्वतःकडे घेतलं. चौकशी अजून चालू आहे. पुरावा पावसाने झिजून जाऊ नये म्हणून योलीने त्या अक्षरांवर वार्निश मारून ठेवलंय.